झेरॉक्समधली विहीर

आमच्या देवरूखकडच्या बागेत विहीर एकच आहे. एवढी साधी गोष्ट मी एकदा स्वतःच्या हाताने खोटी पाडली, आणि तेव्हा मी शाळेत भूगोल शिकवत होतो!

बाबा रत्नागिरीत, काका मुंबईत. बागेच्या वाटणीत विहीर कुणाकडे जाणार, यावरून दोघा भावांनी तीन वर्षं अबोला धरलेला. शेवटी आत्याने काकांना आमच्याकडे यायला राजी केलं आणि आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, वेळचा नकाशा धाडला. उलगडताना त्याचे तुकडे पडत होते.

"झेरॉक्स काढून आण. तू मास्तर, तुला समजतं," बाबा म्हणाले. (समजतं!)

यंत्र गावात नवंच आलं होतं. नकाशा काचेवर मावेना, म्हणून दुकानदाराने दोन भागांत काढला. "मास्तर, मधली चार बोटांची पट्टी दोन्हीकडं आलीय. एकीकडची कापा, मग चिकटवा."

कापायला बसलो, तर त्या पट्टीत नेमकी विहीर आणि तिच्या काठचा राखणदाराचा दगड! आई कडाडली, "देवावर कात्री चालवतोस? दरवर्षी नारळ धाडतो त्याला!" मी मुकाट्याने दोन्ही कागद कडेला कड लावून खळीने चिकटवले. (एकावर एक ठेवता आले असते, हे मला आज सुचतंय!) वर कोपऱ्यात वळणदार अक्षरात स्वतःचं नावही घातलं.

काका आले आणि नकाशावर ओणवे झाले. "दादा, हितं दोन इहिरी हायत!"

"मला एकच आठवते रे."

"गाव सोडला तवा तू धा वर्षांचा, मी त्याहून ल्हान! दुसरी आबांनी मागनं खणली असंल. ह्यो बघ, राखणदारपण दोन!"

"म्हणजे आबांनी आधीच वाटणी करून ठेवली!" बाबांनी आईला घावन घालायला सांगितलं.

तीन वर्षांचा गुंता पाच मिनिटांत सुटला. माझी चूक मला तेव्हाच कळली. पण दोघे भाऊ एका ताटात घावन खात होते. तोंड उघडायचा मला धीर झाला नाही, याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी दोन नारळ घेऊन सगळे यष्टीने बागेत. काका दुपारपर्यंत करवंदीच्या जाळ्यांत आपली विहीर शोधत होते. सदरा फाटला, हात ओरबाडले.

"माजी इहीर कुठं हाय रं?"

"काका, ती... झेरॉक्समध्ये आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काका विहिरीच्या कठड्यावर बसले. मग उठून त्यांनी दोन्ही नारळ त्या एकाच दगडापुढे ठेवले.

"दादा, कालचं घावन काय आता परत देता येत नाय. इहीर दोघांची."

तो नकाशा काकांनी मुंबईत फ्रेम करून लावलाय. पाहुण्यांना आधी दोन विहिरी दाखवतात, मग कोपऱ्यावर बोट ठेवतात. तिथे माझं नाव आहे आणि खाली 'भूगोल शिक्षक'. तेवढं मात्र झेरॉक्स नाही, माझ्याच हातचं आहे!