फ्लॉपीवरचं लेबल
काल कपाट आवरताना एक फ्लॉपी हाती लागली आणि पनवेलचं आमचं औषधांचं गोडाऊन आठवलं, कफ सिरपचा तो गोडसर वास सुद्धा. नव्वदच्या दशकात तिथे बसून मी फोनच्या तारेवरून मुंबईच्या हेड ऑफिसातला कॉम्प्युटर चालवायचे आणि स्टॉक बघायचे. मोडेम किरकिरला की हमाल विचारायचे, "मॅडम, लागली का नाय मुंबई?" हे ज्या सॉफ्टवेअरने व्हायचं, त्याची एकदा नवी आवृत्ती आली. जुनीत काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, नवीत रंग, चित्रं, माउस. मी आठवडाभर दोन्ही घड्याळ लावून चालवल्या आणि वेळा वहीत लिहिल्या. जुनीत पान चटकन यायचं. नवीत ते पट्टीपट्टीने खाली उतरेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा, आणि तेवढ्यात लाइन तुटायची. "जुनीच ठेवा," असं मी कळवलं, तर हेड ऑफिसचे साहेब चिडून स्वतः आले. "अहो, आम्ही तपासलीय. मस्त चालते." मी विचारलं, "कुठून तपासलीत सर?" म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावरचा कॉम्प्युटर चालवून." "मी पनवेलहून तपासलीय," म्हणत मी त्यांना माझी खुर्ची दिली. अर्धं पान उतरलं आणि लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. साहेबांनी माझी वही शेवटपर्यंत वाचली, पेन मागितलं आणि जुन्या आवृत्तीच्या फ्लॉपीच्या लेबलावर काहीतरी लिहिलं. ही फ्लॉपी वाचणारं यंत्र आता कुणाकडेच नसेल, पण लेबल वाचायला माझा चष्मा पुरतो: "पनवेलच्या मॅडमना विचारल्याशिवाय बदलू नये."