वामनभाऊंचा गवा

भद्रावतीला आमच्या शालिकच्या सलूनमध्ये कापलेले केस रोज संध्याकाळी झाडून बाहेर जातात. किस्से मात्र जात नाहीत. ते तिथंच साठत राहतात आणि रविवारी चार डोकी जमली, की कुणीतरी नेमका एखाद्यावर पाय देतो. मी एसटीत कंडक्टर. दिवसभर माणसं बघतो, तरी माझ्याकडे सांगण्यासारखं जे काही आहे त्यातलं निम्मं त्या एका खोलीतलं आहे. आणि त्या निम्म्यातलं बरंचसं वामनभाऊंचं!

शालिकनं सलूनमध्ये टीव्ही लावला आणि त्याला मारामारीचा एक गेम जोडला. गिऱ्हाइकांना वाट बघताना कंटाळा येऊ नये, हा हेतू. झालं असं, की आता गिऱ्हाइकं वाट बघतात, कारण शालिक खेळत असतो.

*

वामनभाऊ म्हणजे कोळशाच्या खाणीतले डम्पर ऑपरेटर. दोन मजली घराएवढी गाडी आयुष्यभर चालवली. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत लकव्याचा झटका आला. बाकी सगळं सावरलं, डाव्या हाताची बोटं तेवढी आखडून बसली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, रबरी चेंडू दाबत जा.

"चेंडू दाबून दाबून चेंडूच मऊ झाला बाबू," ते मला म्हणाले. "बोट हाय तिथंच हाय."

केस कापायला आले आणि शालिकच्या हातातलं बटणांचं खेळणं पाहून थांबले. "हे दाबाले जमन का मले?"

शालिकनं सगळे खेळाडू दाखवले. तलवारवाला, आग फेकणारा, वेणीनं मारणारी बाई. वामनभाऊ मान हलवत राहिले. शेवटी एक राक्षस आला. काळाकभिन्न, मानेवर वशिंडासारखे खांदे, पायात पांढरे मोजे. कंपनीनं दिलेलं त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता येत नव्हतं.

"हा तर आपला ताडोब्याचा गवा!" शालिक ओरडला.

वामनभाऊ टीव्हीजवळ गेले, गव्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "याची बॉडी बरोबर हाय. हा लोड घेईल."

मग लगेच दुसरा प्रश्न. "ब्रेक कोनतं बटन?"

शालिक म्हणाला, "भाऊ, गेममध्ये ब्रेक नसते."

"मंग मी नाई चालवत!"

मार अडवायचं एक बटण असतं, तोच ब्रेक, असं पटवून द्यावं लागलं. तेव्हा कुठं ते स्टुलावर बसले.

*

या गव्याचं खरं सांगायचं, तर ताकद अफाट. बारीकसारीक बुक्क्यांनी तो हलतसुद्धा नाही. मुंग्या चावल्यासारखं करतो आणि पुढं येत राहतो. आणि एकदा का समोरचा त्याच्या हाताला लागला, की उचलून असा आपटतो, की बिचाऱ्याचा निम्मा जीव एका झटक्यात जातो. दोनदा धरला की काम तमाम.

पण हाताला लागेल तर! चालणं म्हणजे भरल्या पोटी वरातीत चालल्यासारखं. उडी मारली तर खाली येईपर्यंत समोरचा मागच्या बाजूला जाऊन उभा. अंग एवढं मोठं, की आग फेकणाऱ्याला नेम धरायचं कामच नाही. लांब उभं राहावं, फेकत राहावं, गवा भाजला जातो. त्याला जिंकायला एकच जागा, पडद्याचा कोपरा. समोरचा कोपऱ्यात सापडला, तर मात्र देव आठवतो. पण शहाणा माणूस गव्यासमोर कोपऱ्यात जाईल कशाला?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पडला की उठायला फार वेळ लागतो.

याचा फायदा शालिकनं घेतला. तो खेळता खेळता गव्याला पाडायचा, खेळणं ठेवायचा, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावर दोन हात वस्तरा फिरवायचा आणि गवा उठायच्या आत परत हजर! एकदा खुर्चीत शाळेचे हेडमास्तर होते. शालिकनं गवा पाडला, हनुवटीकडे गेला आणि मागं वळतो तर गव्यानं त्याचा माणूस उचललेला. धाडकन आपटला! ती फेरी वामनभाऊंची झाली.

"एवढ्यात उठला?" शालिक हतबुद्ध.

फेस लावलेले हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "गवा येळेवरच उठला. माही दाढी दाट हाय."

पण गेम तीन फेऱ्यांचा. ज्याच्या दोन फेऱ्या, तो जिंकला. वामनभाऊंना एखादी फेरी मिळायची, पूर्ण गेम कधीच नाही.

*

आता गव्याची खरी गोम. म्हणजे गव्याची नव्हे, वामनभाऊंची.

गेममध्ये एक बटण असतं, ते दाबलं की आपला माणूस समोरच्याला नुसता डिवचतो. गवा छाती पुढं काढून "भोंऽऽ" असा हंबरतो. अगदी डम्परच्या हॉर्नसारखा. त्यात फायदा काही नाही, उलट तेवढा वेळ आपण उघडे पडतो.

वामनभाऊ पुढं जायच्या आधी ते बटण दोनदा दाबत. मागं यायच्या आधी तीनदा!

खाणीतली शिस्त. दोन हॉर्न म्हणजे गाडी पुढं निघाली, समोरच्यानं बाजूला व्हायचं. तीन म्हणजे गाडी मागं येते. वामनभाऊंचा अंगठा नोकरीभर तेच करत आला होता. आता समोरच्याला आधीच कळवून हल्ला करणारा माणूस जिंकणार कसा?

शालिक वैतागला. "भाऊ, तुमी चोरी कराले जाता आन् घरवाल्याले फोन करून सांगता!"

एका रविवारी त्यानं हंबरायच्या त्या बटणावर चिकटपट्टीच लावून टाकली. वामनभाऊंनी बटण चाचपलं, चिकटपट्टी लागली. गेम सुरू झाला. गवा पुढं जायची वेळ आली, आणि वामनभाऊंनी तोंडानंच, छाती भरून हॉर्न दिला, "भोंऽऽ! भोंऽऽ!"

खुर्चीतलं गिऱ्हाईक कापड गळ्यात घेऊन दारापर्यंत पळालं. चिकटपट्टी त्याच दिवशी निघाली.

*

मीही एकदा समजावायला गेलो. म्हटलं, भाऊ, ही खाण नाही. इथं कुणी मरत नाही.

ते म्हणाले, "तू दोन घंट्या दिल्याबिगर तुही एसटी हलते का?"

माझा हात आपोआप डोक्यावरची घंटीची दोरी शोधत वर गेला.

मग स्वतःच बोलायला लागले. "डम्परच्या केबिनमधून दूरचं सारं दिसते बाबू. चाकापाशी का हाय ते नाई दिसत. धुकं होतं एकदा. मी दोन हॉर्न देल्ले आन् थांबलो. चाकासमोरून एक मानूस डबा घेऊन उठला. तिथंच जेवाले बसला होता! मले हात दाखवून निंघून गेला. मी मंग दिवसभर जेवलो नाई."

त्यानंतर हॉर्नबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला तो माणूस तेव्हापासून जास्तच आवडतो, हे इथं सांगूनच टाकतो.

*

वामनभाऊंच्या पत्नी सुनंदाबाई. त्यांना थोडं कमी ऐकू येतं आणि बाकी सगळं जरा जास्तच दिसतं. जेवायची वेळ टळली, की त्या नवऱ्याला न्यायला सलूनमध्ये येत. पहिल्यांदा आल्या तेव्हा गवा आडवा पडला होता. त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"अवो, हा तर तुमच्यावानीच हाय! उठाले येळ, बसाले येळ, खाली पडला का साऱ्या गावाले आवाज."

शालिकनं गमतीनं खेळणं त्यांच्या हातात दिलं. बाईंनी सगळी बटणं एकदमच दाबली, भाकरी थापावी तशी. त्यांची वेणीवाली बाई हवेत गिरक्या घेत गव्यावर कोसळली ती कोसळतच राहिली. गवा दोन्ही फेऱ्यांत गार!

सगळे वामनभाऊंकडे पाहायला लागले. ते खेळणं ठेवून उठले आणि चपला शोधता शोधता म्हणाले, "हे काई नवीन नाई. घरी बी असंच हाय."

*

मग ती बातमी आली. वामनभाऊंची मुलगी नाशिकला असते, ती आई-बाबांना कायमचं न्यायला येणार. बाबांचा हात असा, दोघंच राहतात, तिला काळजी. बरोबरच होतं तिचं. पण वामनभाऊ त्या रविवारी न खेळताच बसून राहिले.

"खदानीतून बिना अॅक्सिडंट निंघालो," ते म्हणाले. "सलूनमधून बिना जिंकल्याचा निंघू का? एक गेम तरी, पुरा. पोरीले सांगाले पाह्यजे ना, का हात चालते म्हणून."

शालिकनं मला डोळा मारला. मी त्यांच्याशी खेळायला बसलो आणि माझा तलवारवाला गव्यासमोर नुसता उभा केला. धर बाबा, आपट, काय करायचं ते कर.

गव्यानं दोन हॉर्न दिले. जवळ आला. माझ्यासमोर उभा राहिला. आणि परत तीन हॉर्न देऊन मागं गेला!

वामनभाऊंनी खेळणं स्टुलावर ठेवलं. चांगलेच चिडले होते. "उभ्या गाडीले धडक देऊन कोनी ड्रायव्हर होते का बे?"

मी कान धरले. खरंच धरले.

*

जायच्या आधीचा शेवटचा रविवार. मुलगी घरी सामान बांधत होती. आणि नेमका त्याच दिवशी निखिल उगवला.

हा निखिल म्हणजे खाणीच्या बाजूच्या वस्तीतला चॅम्पियन. त्याची नोकरी खाणीतच. डम्पर जिथं माती ओततात तिथं तो झेंडी घेऊन उभा असतो, गाड्यांना जागा दाखवायला. वामनभाऊ रिटायर झाल्यावर लागलेला, त्यामुळं त्यांना ओळखत नव्हता. मला आणि शालिकला त्यानं चहा पिता पिता हरवलं. त्याचा माणूस कोणता, तर आग फेकणारा. गव्याचा काळच!

मी हळूच म्हटलं, "भाऊ, याच्यासंग नका खेळू. आज नको."

"काऊन नको? लेचापेचा पाहून जिंकू का?" वामनभाऊ स्टुलावर बसले. आखडलेली बोटं त्यांनी उजव्या हातानं एकेक करून बटणांवर ठेवली.

खुर्चीत एक म्हातारबा डोक्याला मेंदी लावून झोपले होते, म्हणून शालिकनं टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता. पहिली फेरी मुक्यानंच झाली. गवा छाती काढून हंबरायचा, निखिल तेवढ्यात दोन गोळे हाणायचा. गवा त्याच्याजवळ पोचलाच नाही. शालिक तोंड फिरवून वस्तरा पुसत बसला. अजून एक फेरी गेली, की संपलं.

तेवढ्यात सुनंदाबाई आल्या. नेहमीसारख्या न्यायला नव्हे, बसायला आल्या होत्या. पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "मुका काऊन ठेवला? मले काई ऐकू नाई येऊन राह्यलं." आणि रिमोट घेऊन आवाज पार वर नेऊन ठेवला. म्हातारबा मेंदीसकट उठून बसले.

दुसरी फेरी. वामनभाऊंचा अंगठा नेहमीसारखा हलला.

भोंऽऽ! भोंऽऽ!

निखिलचा आगवाला मागं सरकला.

आम्हाला वाटलं, काही डाव असेल. गवा थोडा चालला, थांबला, परत दोन हॉर्न. आगवाला परत मागं. मग परत. गोळा फेकायचा सोडून तो सरकतच गेला आणि कोपऱ्याला पाठ लागली. गव्यानं उचलला. आपटला. परत उचलला.

"एकेक झाली!" शालिक किंचाळला.

निखिलनं तळहात पॅंटला पुसले, बटणं तपासली, कपाळाला आठ्या. तिसऱ्या फेरीला तो दात आवळून बसला. पहिल्यांदा आगीचे गोळे भराभर टाकले. गवा भाजला, पडला, सावकाश उठला. जीव अगदी थोडा राहिला. सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

पण अंगठा हलला.

भोंऽऽ! भोंऽऽ!

आगवाला सरकला. थेट कोपऱ्यात. गवा आपल्या चालीनं निघाला. आणि अर्ध्या वाटेत, सवयच ती, परत दोन हॉर्न.

आता आगवाल्याला मागं जायला जागा उरली नव्हती. तर निखिल स्वतःच स्टुलावरून ताडकन उठला आणि खेळणं हातात घेऊन आरशाच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला!

पडद्यावर धाडकन आवाज झाला. मग दुसरा. म्हातारबांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाबाई रडत होत्या की हसत होत्या, सांगता येत नाही. वामनभाऊ आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले होते.

शालिकनं निखिलला दंडाला धरून हलवलं. "जिंकत आला होता ना बे! उठून बाजूले काऊन झाला?"

निखिल अजून भिंतीलाच चिकटलेला. शालिक वेडा आहे की काय, अशा नजरेनं त्याच्याकडे बघत म्हणाला,

"हॉर्न देल्ला ना त्याइनं!"