पट्टीवर चालणारी गाडी

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत मी बावीस वर्षं पॅनलचं वायरिंग करते. मागच्या वर्षी साहेबांनी सांगितलं, की सामान ने-आण करायला आपोआप चालणाऱ्या गाड्या येणार. ज्यांना त्यांचं काम शिकायचं असेल त्यांनी नावं द्यावीत. दोन दिवस कोणीच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी दिलं. मी धीट वगैरे नाही. माझं काम या गाड्या घेतील अशी धास्ती होती, म्हणून वाटलं, त्या आतून बघून तरी घ्याव्यात.

कंपनीने डोंबिवलीतल्या रोबोच्या क्लासला घातलं, दर रविवारी. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, आणि शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची. ती मला काकू म्हणायची, मी तिला मॅडम. "रोबो तीनच कामं करतो," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "बघतो, ठरवतो, हलतो. सेन्सर, प्रोग्राम, मोटर." सेन्सर आणि मोटर माझ्या रोजच्या हातातल्या. प्रोग्राम मात्र डोक्यावरून जायचा. एक कंस राहिला की सगळं अडायचं. दोन रविवार झाल्यावर मी घरी म्हटलं, मी काही आता जात नाही.

मुलगी म्हणाली, "मी गणितात नापास झालेले तेव्हा तू मला सोडू दिलेलंस?"

गेले परत.

पाचव्या रविवारी फरशीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून छोटी गाडी चालवायची होती. माझी गाडी खिडकीजवळच्या वळणापर्यंत छान जायची आणि तिथे पट्टी सोडून सरळ भिंतीकडे. शेजारच्या मुलीने माझा प्रोग्राम तपासला. चूक नव्हती. मॅडमही फरशीवर येऊन बसली. तिलाही कळेना. पुढच्या वेळी ती वळणाशी आल्यावर मी उचलायला हात पुढे केला, तर गाडीवर हाताची सावली पडली आणि ती आपली आपण पट्टीवर वळली.

"मॅडम, हिला ऊन लागतंय," मी म्हटलं.

मॅडमने सेन्सरचे आकडे बघितले. उन्हात त्याला काळी पट्टीही पांढरी दिसत होती. माझ्या पर्समध्ये कामाची काळी इन्सुलेशन टेप असतेच. सेन्सरभोवती तिचा छोटा पडदा चिकटवला. गाडीने अख्खी फेरी पूर्ण केली. मॅडमने सगळ्यांना बोलावून म्हटलं, "काकूंच्या गाडीचा पडदा बघा." त्यानंतर कंस मोजायचा मला कंटाळा आला नाही.

कंपनीत खऱ्या गाड्या आल्या. पहिल्याच सकाळी एक मधेच थांबली. माझ्यासोबत इतकी वर्षं वायरिंग करणारी मैत्रीण तिच्या वाटेतच उभी होती. म्हणाली, "झालं, बंद पडली."

"बंद नाही पडली गं. तिला तू दिसलीस. जरा बाजूला हो."

ती सरकली. क्षणभराने गाडी निघाली. ती वळेपर्यंत मैत्रीण बघत राहिली.

"रविवारी किती वाजता असतो तुझा क्लास?" तिने विचारलं.