पिवळ्या मातीपर्यंत

आमच्या दोन्ही कुळांत पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मोठेपणासाठीच सांगतो, उगाच कशाला खोटं बोलू. आबांनी, म्हणजे वडिलांनी, बारा-बारा तास माग चालवले आणि मी गणित घेऊन बी.एस्सी. झालो. कडोदऱ्याच्या बाजूला आमची वसाहत होती, सगळी खानदेशातून आलेल्या माग-कामगारांची. तिथं कुठलाही कागद आला की लोक म्हणायचे, "बी.एस्सी.ला विचारा." मला ते आवडायचं.

वसाहतीला एकच हातपंप. होळी झाली की तो नुसता कुरकुरायचा. मग बाया हंडे घेऊन शेजारच्या गावाच्या तळ्यावर जायच्या आणि तिथं दर उन्हाळ्यात भांडण व्हायचं, कारण गावच्या म्हशींना तेच पाणी. तळं गाळानं भरत आलेलं. एका वर्षी सरपंच मला म्हणाले, "तुम्ही लोक गाळ काढा. तळ्यात पाणी राहिलं, तर तुमच्या बायांना कोणी अडवणार नाही." मी हो म्हणालो. वसाहतीत कोणाला न विचारता म्हणालो.

आठवड्यातून एक दिवस आमच्या भागाची वीज बंद असायची, म्हणजे माग बंद. त्या दिवशी सगळे फावडी-घमेली घेऊन तळ्यात उतरायचे. गाळ गावचे शेतकरी ट्रॅक्टरनं उसाच्या शेतात न्यायचे. दीडेक महिन्यात गाळ संपला आणि खाली घट्ट काळी माती लागली, इतकी चिकट की फावडं मारलं तर ती फावडं सोडायची नाही. तिच्याही खाली, मधोमध एका जागी, पिवळी वाळूसारखी माती दिसली. आबांनी फावडं बाजूला ठेवलं.

"पिवयी माटी लागनी. आते थांब."

"का पण?"

"का ते माले सांगता येत नही. आमना गावमा आठेच थांबेत."

मी खिशातून वही काढली. लांबी, रुंदी, खोली. "आबा, आणखी हातभर खाली गेलो तर एवढं पाणी जास्त. यात चुकायला जागाच नाही."

"वहीमा पानी दखास का तुले?" आबा म्हणाले. लोक हसले, पण ऐकलं माझंच. पुढच्या दोन सुट्ट्यांत काळी मातीही उसाच्या शेतात गेली आणि तळ्याचा मधला सगळा भाग पिवळा झाला.

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. सरपंचांनी मला खुर्चीवर बसवून चहा पाजला. आबांकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. दिवाळीला गावी जाऊन आलो तर पाणी निम्म्यावर. आणखी महिन्याभरात तळाला भेगा. पूर्वी याच्या अर्ध्या खोलीच्या तळ्यात होळीनंतरही पाणी असायचं. मी घरी येऊन गुणाकार परत केला. बरोबर होता. तो बरोबर होता हेच मला समजेना.

गावातून सायकलवर जाताना म्हशीवाले गुजरातीत ओरडायचे, "ओ भणेला भाई, तळाव क्यां मूक्युं?" शिकलेल्या माणसा, तळं ठेवलंस कुठं? मी जोरात पायडल मारायचो.

मग होळी आली आणि गेली, आणि आमचा हातपंप काही कुरकुरला नाही. चैत्रातही पाणी देत राहिला. बाया खूश. माय म्हणाली, देवीची कृपा. आबांनी पंपाकडे पाहिलं, तळ्याच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाले, "पिवयीमातून खाले उतरनं. तठेतून आठे." बस, एवढंच.

म्हणजे गावाचं तळं आमच्या पंपात आलं होतं. हे मला, गणिताच्या पदवीधराला, सुचलं नव्हतं. गावाला मात्र चटकन सुचलं. त्यांना वाटलं, या लोकांनी हे ठरवून केलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

सरपंचांनी बोलावून सांगितलं, पावसाआधी तळ पुन्हा लिपून द्या. खुर्ची या वेळी नव्हती. वसाहतीत बाया म्हणाल्या, पंपाला पाणी आहे, तर कशाला लिपायचं? म्हशीवाल्यांचं खरं होतं. बायांचंही खरं होतं. कॉलेजात एका गणिताला एक उत्तर असायचं, इथं मला दोन दिसत होती आणि दोन्ही चूक वाटत होती. शेवटी आबांना विचारलं.

"शब्द कोनी दिन्हा व्हता?"

"मी."

"मंग?" म्हणाले, आणि विडी पेटवली.

काळी माती परत मागायला गेलो तर शेतकऱ्यांनी नुसता ऊस दाखवला, मातीवर हातभर वाढलेला. सरपंचांनी मग तळ्यामागच्या पडीक तुकड्यातून खणायला सांगितलं. माती पसरली, भिजवली आणि वरून म्हशी गोल गोल फिरवल्या, तुडवून घट्ट व्हावी म्हणून. म्हशींच्या मागे काठी घेऊन मी. माय काठावर आली, घटकाभर बघत उभी राहिली.

"शिकेल माणूस शे," शेजारणीला म्हणाली. "आधी तयाव फोडस, मंग लिपस."

त्या वर्षी तळ्यात पाणी टिकलं. म्हशी चैत्रातही डुंबल्या आणि आमच्या बायांना गावानं अडवलं नाही. पण तळ्याचं पाणी हंड्यात गढूळ दिसायचं, आणि तोंडाला पंपाची सवय झालेली. वैशाखात एका सकाळी माय मला पंपावर घेऊन गेली. मागे सात-आठ बाया हंडे घेऊन उभ्या.

"मार बरं. पानी कमी शे का नही, ते सांग."

मी दांडा मारला. आधी हवा आली, मग धार. गेल्या वर्षीपेक्षा बारीक वाटली. पण त्याच्या आदल्या वर्षी या दिवसांत धार नव्हतीच. मी म्हणालो, "कमी आहे." पुन्हा मारलं. "नाही, तेवढंच असेल." कुठून तरी अजून झिरपत होतं का, की हे जमिनीतलं जुनंच पाणी उरलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि आजही छातीठोक सांगता येणार नाही.

"एक काय ते सांग ना," माय म्हणाली. "बाया इचारतस माले."

तिचा हंडा भरत आला होता. मी दुसरा मागितला आणि दांडा मारत राहिलो.