वटवाघूळ आणि दिवाळीचे तेल

त्या प्रयोगशाळेत मी शिरलो तो जंगल बघायला मिळेल म्हणून. वन्य प्राण्यांची आनुवंशिकता आणि त्यांचे रक्षण, असा विद्यापीठाचा विषय होता. तेवढे ऐकून मी खाकी अर्धी चड्डी शिवून घेतली. पहिल्या दिवशी प्रोफेसरांनी चड्डीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि काचपट्ट्यांचा ट्रे पुढे सरकवून म्हणाले, "धुवा."

धुतल्या. वर्षभर धुतल्या. आधी ॲसिड, मग नळ, मग स्पिरिट, मग कडेने धरून वाळवणे. तंजावूरच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली उभे राहून मी इतका थकत असे, की घरी जेवताना ताटसुद्धा कडेने धरायचो. १९६० साल उलटून गेले होते, आणि जंगल मी अजून कॅलेंडरवरच पाहिले होते.

पट्ट्या कशाला, तर पेशी दुभंगत असताना तिच्यातली गुणसूत्रे सुटी सुटी दिसतात. ती काचेवर पसरायची, फोटो काढायचा, जोड्या लावायच्या. प्राणी कोण आणि कुणाच्या कुळातला, हे त्यावरून सांगता येई. कावेरीकाठची वटवाघळांची झाडे एकेक करून तोडली जात होती. प्रोफेसर म्हणत, "सरकारला दया सांगून उपयोग नाही. कागद दाखवावा लागतो."

माझ्याबरोबर केरळातल्या एक बाई लागल्या होत्या. ख्रिस्ती, वसतिगृहात राहणाऱ्या, मोजके बोलणाऱ्या. वर्षअखेर आमच्यापैकी एकाचीच शिष्यवृत्ती पुढे चालणार होती. वटवाघळाची पहिली नीट पट्टी ज्याच्या हातून होईल, त्याची. इकडे आईने राजवाड्यामागच्या आमच्या आळीत मी प्रोफेसर झाल्याचे केव्हाच जाहीर करून टाकले होते.

अडचण एवढीच की वटवाघूळ मिळेना. तिरुवैयारुपलीकडच्या एका गावात वडावर शेकड्यांनी लटकलेली असत, पण ती देवाची. त्यांना त्रास नको म्हणून ते गाव दिवाळीला फटाकासुद्धा उडवत नसे. प्रोफेसर मला घेऊन हात जोडायला गेले, तेव्हा पंच म्हणाले, "पकडू देणार नाही. आपणहून पडलं तर आणून देऊ."

पडले ते नेमके दिवाळीच्या सकाळी. शेजारच्या गावाने फटाके उडवले, थवा उठला, एक विजेच्या तारेवर आपटले. वडाच्या गावातला एक माणूस टोपली सायकलला बांधून आमच्या दारात आला. मी तेव्हा ओसरीवर आईच्या ताब्यात होतो. तिने तिळाचे तेल कोमट करून मला डोक्यापासून टाचेपर्यंत चोळले होते. आमच्याकडे दिवाळीची आंघोळ म्हणजे जवळजवळ लोणचे मुरवणेच.

"जगेल का?" त्या माणसाने विचारले.

पंख फाटून लोंबत होता. मी नाही अशी मान हलवली. शिकेकाई लावून दोन तांबे अंगावर ओतून घेतले, नवी वेष्टी कमरेला गुंडाळली आणि टोपली घेऊन पळालो. बाईंना कळवायचे मनात आले नाही असे नाही. आले, पण मी त्या विचाराला बसायला जागा दिली नाही.

सगळे पुस्तकाप्रमाणे केले. सुई दिली, वाट पाहिली, क्लोरोफॉर्म दिला, हाडातला मगज काढला. शेवटी नळीतला थेंब काचेवर सोडला. तो पसरलाच नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन घरंगळला. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, तेच. मी कपाळाचा घाम पुसायचो आणि पुढची पट्टी उचलायचो.

मी प्रयोगशाळेच्या रखवालदाराला धाडले, तेव्हा प्रोफेसर आले. हवा हुंगत म्हणाले, "कसला वास?"

"तेलाचा, सार. आईने लावलं."

"मूर्ख! पट्टीला तेल?"

"पट्टीला नाही सार, मला."

त्यांनी मला बाजूला सारले आणि स्वतः थेंब सोडला. घरंगळला. मग मी त्यांच्या टकलाकडे पाहिले. समईसारखे चमकत होते.

"आमच्याही घरी बायको आहे," ते पडेल आवाजात म्हणाले. दोघांनी साबणाने हात धुतले, स्पिरिटने धुतले. हात कोरडे होत आणि उकाड्याने तेल पुन्हा घामातून वर येई. नळीत थोडेसेच उरले होते, ते टिकवायला बर्फ आणावा तर दुकान बंद, आणि सारे गाव त्या दिवशी माखलेले. न माखलेले कोण, ते दोघांनाही ठाऊक होते.

"त्यांना बोलवा असं मी सांगणार नाही," प्रोफेसर म्हणाले. "तुम्ही ठरवा."

मी इतका दमलो होतो की मोठेपणा वगैरे सुचण्याचे त्राण नव्हते. मेलेल्या जनावराकडे पाहिले आणि निघालो. रस्त्यात जो तो विचारी, "गंगास्नानम् आच्चा?" दिवाळीची आंघोळ झाली का? मी म्हणे, "जरा जास्तच झाली."

वसतिगृहाच्या फाटकात बाई आल्या.

"वटवाघूळ आलंय," मी म्हणालो.

"कधी?"

"सकाळी."

"आणि मला दुपारी सांगताय."

"हो."

"किती वाया घालवलंत?"

"उरलंय ते बघा."

त्यांनी माझ्या केसांकडे पाहिले. त्यांना सगळे समजले. "चप्पल घालून येते," एवढेच म्हणाल्या.

प्रयोगशाळेत त्यांनी आम्हा दोघांना दाराशी उभे केले. "इथे घाम गाळू नका, सार." प्रोफेसर मुकाट्याने मागे सरकले. थेंब काचेला लागला आणि पसरला. रंग देऊन झाल्यावर त्यांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिले. मग मला म्हणाल्या, "या. हात मागे बांधून."

गुणसूत्रे सुटी सुटी पडली होती, एकही दुसऱ्यावर चढलेले नव्हते. वर्षभराच्या थकव्यानंतर इतके नीटनेटके काही पाहून मला रडू आले, की तेल डोळ्यांत गेले होते, कोण जाणे.

पट्टीवर बाईंनी आपले नाव लिहिले. मग पेन थांबवून विचारले, "प्राणी कुणी मिळवला, तेही लिहायचं असतं. तुमचं घालू?"

"तो तारेने मिळवला," मी म्हणालो.

"तारेला शिष्यवृत्ती लागत नाही," त्या म्हणाल्या आणि माझे नाव लिहिले.

शिष्यवृत्ती अर्थात त्यांचीच चालू राहिली. मी ओरत्तनाडूच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. तिथे पहिले काही दिवस मी तासाला खुर्चीवर नुसता बसून वर्षभराचा शीण काढत असे. मुलांना वाटे, सर विचार करतात.