मुहूर्ताचं हसू

काल जॉर्ज टाउनमध्ये एका दुकानासमोर कुंकू भरलेला कोहळा फोडलेला होता. त्याचा कच्चा, ओला वास कापरात मिसळून नाकात शिरला आणि सेटवरची ती सकाळ पुन्हा अंगावर आली. परगावी राबायला निघालेल्या एका कुटुंबाच्या जुन्या, गाजलेल्या कादंबरीवर मी सिनेमा करत होतो. श्रीपेरुंबुदूरजवळच्या माळावर झोपड्या उभ्या होत्या, कोहळा फुटला होता, कॅमेऱ्याला हार घातला होता, आणि पहिला शॉट मी लावला होता वाटेत दगावलेल्या मुलाचा. निर्माते तंजावरकडचे मराठी, याच धंद्यात केस पिकलेले. मला धाकट्या भावासारखं 'तंबी' म्हणायचे. ते हबकलेच. "मुहूर्ताच्या शॉटला मरण? इथं असं कुणी करत नाही, तंबी. पुस्तकातलंच, पण कुणीतरी हसतंय असं काढा. राहुकाळ लागायच्या आत." मी पुस्तक घेऊन झोपडीमागे गेलो आणि पानं उलटत सुटलो. भूक, तहान, मुकादमाच्या शिव्या, पुन्हा चालणं. पलीकडून हाका येत होत्या, घाम पानांवर टपकत होता आणि एवढ्या जाड पुस्तकात कुणी एकदाही हसत नव्हतं. शेवटी बाहेर येऊन मी ठोकून दिलं, "आहे. नळाला पाणी येतं आणि ती हसते." नायिकेनं ओंजळ धरली, ती हसली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे सिनेमात लोकांना तेच दृश्य सगळ्यात आवडलं. ते कादंबरीत कुठल्या पानावर आहे, असं अजूनही कुणी ना कुणी विचारतं, आणि मी घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडतो. न जाणो, त्या घाईत एखादं पान सुटलं असेल.