नऊ धावांवर आवरतं

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाईक कधी डोकावत नाही. तिथे एक घासायचं चाक आहे, त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार आहे, आणि चाकासमोरच्या उंच स्टुलावर गेली सव्वीस वर्षं एक बाई बसलेली आहे. भिंगाची कड घासून ते फ्रेममध्ये बसवायचं, हे त्यांचं काम. जरा जास्त घासलं की भिंग खुळखुळतं, जरा कमी घासलं की दाबताना तडा जातो. या कामात बाईंचा हात धरणारं गावात कोणी नाही. मालकाचा मुलगा महागडं मशीन घेऊन आला होता, ते कोपऱ्यात कापड पांघरून बसलंय.

संध्याकाळी पाचला बाई हात पुसतात, डोक्यावर टोपी चढवतात आणि पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर जातात. तिथे मुली सॉफ्टबॉल खेळतात आणि बाई त्यांना शिकवतात. मुली तोंडावर 'मॅडम' म्हणतात आणि पाठीमागे 'भिंगबाई'. बाईंना दोन्ही ठाऊक आहे. चौदा वर्षांच्या मुली पाठीमागे काहीच म्हणत नसतील, तर शिकवणाऱ्याचंच काहीतरी चुकतंय, असं त्यांचं मत.

आता विभागाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सोळा वर्षांखालच्या मुलींची राष्ट्रीय स्पर्धा असते. तिथे थेट जाता येत नाही, आधी आपला विभाग जिंकावा लागतो. बाईंच्या विभागात संघ होते अवघे तीन. एक त्यांचा, एक नदीपलीकडचा, आणि एक खाणीच्या गावचा. तिघांत पहिलं यायचं की सरळ राष्ट्रीय स्पर्धेची गाडी पकडायची. बाईंचा संघ नऊ वर्षांत सात वेळा गेला. आणि पलीकडे कारखान्यांच्या शहराच्या विभागात चौदा संघ एकमेकांच्या उरावर बसलेले. तिथूनही जायचा एकच. तिथला पाचव्या नंबरचा संघसुद्धा बाईंच्या संघाला घाम फोडेल असा. पण नियम तो नियम. बाईही मनात म्हणायच्या, हे काही खरं नव्हे, एक दिवस कोणीतरी उठून विचारणारच.

तिनातला एकही संघ गळला तर विभागच रद्द, असाही एक नियम होता, आणि तो बाईंनी भोगला होता. फार पूर्वी त्यांच्या मुलींनी खाणीच्या गावाला बावीस-शून्य असं धुतलं. मुली नाचल्या, बाईही नाचल्या. पुढच्या वर्षी खाणीच्या गावचा संघ आलाच नाही. तिथल्या शाळेत कवायत शिकवणारे मास्तर संघ सांभाळायचे. त्यांनी कळवलं, मुली रडतात, यायला तयार नाहीत. झालं. दोनच संघ उरले, विभाग रद्द, आणि बाईंच्या मुली वर्षभर टाकीमागे आपापसात खेळत बसल्या.

तेव्हापासून बाईंनी एक रीत पाडली. आठ-नऊ धावांची आघाडी झाली की बाई डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायच्या. मुली त्याला 'आवरतं' म्हणायच्या. टोपी निघाली की बॅट हलकी पडायची, राखीव मुली मैदानात जायच्या, तिसऱ्या बेसवरची मुलगी घराकडे, म्हणजे जिथे पोचलं की धाव होते त्या पाटीकडे, धावायची नाही. समोरच्या पोरींनाही चार धावा मिळायच्या आणि त्या हसत घरी जायच्या. कुणी कुणाला काही बोलत नसे. मास्तरांना कळत होतं, पण तेही कधी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी संघ घेऊन यायचे, एवढंच.

या वर्षी महासंघाचं पत्रक आलं. विभागांची फेरआखणी. अकराचे सहा केले, आणि बाईंचे तीन संघ उचलून कारखान्यांच्या शहराच्या बाजूला टाकले. आधी शहराकडच्या चौदा संघांचे चाळणी सामने, त्यांतून पाच; बाईंकडचे तिघे पहिल्या वर्षापुरते थेट, अशी आठ संघांची शेवटची फेरी. आठांचे दोन गट, प्रत्येक गटातला पहिला संघ राष्ट्रीय स्पर्धेला. शिवाय तिसरी एक जागा. दोन्ही गटांतल्या दुसऱ्या नंबरच्या संघांपैकी ज्याची धावांची वजाबाकी चांगली, म्हणजे केलेल्या धावांतून दिलेल्या धावा वजा करून जास्त उरतात, तो संघ.

बाईंनी पत्रक तीनदा वाचलं. बस डेपोत वेळा नोंदवणारे त्यांचे यजमान समोर चहा पीत बसले होते.

"एवढं भिंग लावून काय वाचतेस? गेलं की काय सगळं?"

"गेलं नाही, अवघड झालं. आणि खरं सांगू का, बरोबरच केलंय त्यांनी. आपण आजवर मागच्या दाराने जात होतो."

"मुलींना सांगितलंस?"

"गट सांगितले, तारखा सांगितल्या. ती वजाबाकीची भानगड नाही सांगितली. त्यांनी चेंडूकडे बघावं. आकड्यांकडे बघायला मी आहे."

यजमानांनी उरलेला चहा संपवला. नवरे अशा वेळी बोलत नाहीत, आणि नंतर मात्र सगळं आपल्याला आधीच कळलं होतं असा चेहरा करतात.

आता त्या संघातल्या एका मुलीविषयी. ती कॅचर. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी, तिचा चेंडू बॅटवाल्या मुलीच्या मागे बसून झेलायचा, गुडघे मोडेस्तोवर बसायचं, तोंडावर जाळी. तिला सगळे 'भिंत' म्हणायचे, कारण तिच्यामागे चेंडू जात नसे. आई तिची कपड्यांना इस्त्री करायची, आणि ही पोर सकाळी घरोघरी गठ्ठे पोहोचवून मग शाळेत जायची. पहिल्या दोन वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेला गेली, पण राखीव म्हणून. दोन्ही वेळा बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या मोजून परत आली. तिसऱ्या वर्षी पहिली कॅचर झाली आणि जायच्या आठ दिवस आधी अंगठा मोडला. हे चौथं वर्ष. पुढच्या वर्षी वय संपतं. म्हणजे खेळायची तर याच वर्षी, नाहीतर नाहीच. हे तिला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या असलेल्या तिच्या आईलाही माहीत होतं. तिने मुलीच्या गणवेशाला या वेळी अशी कडक इस्त्री केली होती की पँटची घडी बोटाला लागावी.

पहिला सामना सकाळी, आणि समोर कोण तर खाणीच्या गावचा संघ. नवा विभाग, नवा गट, पण गाठ पडली जुन्याच माणसांशी. मास्तर थकलेले दिसत होते. त्यांच्या दोन मोठ्या मुली शाळा सोडून गेल्या होत्या आणि पिचर म्हणून उभी होती अकरा वर्षांची चिमुरडी. सदऱ्याच्या बाह्या कोपराखाली लोंबत होत्या.

तिसऱ्या इनिंगमध्ये नऊ-शून्य झालं. चिमुरडीचा ओठ थरथरायला लागला. ती चेंडू हातात घेऊन मास्तरांकडे बघत राहिली, आणि मास्तर दुसरीकडे बघत राहिले. बाईंचा हात डोक्याकडे गेला.

वजाबाकीचं बाईंना आठवलं का? आठवलं. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण नंतर गावात लोक म्हणाले, विसरल्या असतील बिचाऱ्या. विसरल्या नव्हत्या. त्यांच्या डोक्यात लख्ख आलं, की आता दर धाव मोलाची आहे. आणि त्यापाठोपाठ हेही आलं, की दुसऱ्या नंबरची चिंता दुसऱ्यांनी करावी, आपण गट जिंकूनच जाणार. नऊ वर्षांत सात वेळा गेलेल्या माणसाच्या डोक्यात असलं येतं. टोपी गुडघ्यावर आली.

भिंत तेव्हा तिसऱ्या बेसवर होती. चिमुरडीचा पुढचा चेंडू भलतीकडेच गेला, अगदी कुंपणापर्यंत. आरामात चालत घरी येता आलं असतं. भिंतने बाईंच्या गुडघ्याकडे पाहिलं, टोपी पाहिली, आणि बेसवर पाय ठेवून उभी राहिली. वर बुटाची नाडी बांधल्याचं नाटकही केलं. मग राखीव मुली आत गेल्या, खाणीच्या पोरींनी चार धावा काढल्या. सामना संपला नऊ-चार. चिमुरडी हसत होती.

दुपारचा सामना सहा-दोन असा जिंकला. दुसऱ्या दिवशी कारखान्यांच्या शहराचा संघ. काय खेळल्या मुली! भिंतने घराच्या पाटीवर दोन जणींना बाद केलं, एकीच्या धडकेने जाळी उडाली तरी चेंडू सोडला नाही. शेवटच्या इनिंगपर्यंत दोन-दोन. आणि मग शहराच्या मुलीने एक साधा, मध्यम, काही विशेष नसलेला फटका मारला, तो दोघींच्या मधून गेला. तीन-दोन. हरलो.

तरी मुलींच्या जिवात जीव होता. गटात दुसरे आलो, तिसरी जागा आहे असं कुणीतरी कुजबुजलं. निकालाच्या टेबलामागच्या माणसाने फळ्यावर आकडे लिहिले. बाईंचा संघ: अधिक पाच, अधिक चार, वजा एक. आठ. दुसऱ्या गटातला दुसरा संघ: नऊ. एक धाव जास्त असती तर बरोबरी होऊन चिठ्ठी टाकली असती. दोन असत्या तर चिठ्ठीचीही गरज नव्हती.

बाईंनी फळा वाचला आणि पुन्हा वाचला.  तेवढ्यात मास्तर आले, सोबत चिमुरडी. "बाई, मी या वर्षी संघ बंद करणार होतो," मास्तर म्हणाले. "आता ही म्हणतेय पुढच्या वर्षी पण यायचंच. तुमचे उपकार आहेत." त्यांनी फळा पाहिला नव्हता. बाईंनी मान डोलावली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाह्या आखूड करून घे गं."  नव्या विभागात संघ ढिगाने आहेत, खाणीचा संघ आला नाही तरी कुणाचं काही अडणार नाही, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

परतीच्या बसमध्ये सुरुवातीला रडारड झाली, मग मुली दमून झोपल्या. ऊन तिरपं झालं होतं. भिंत झोपली नव्हती. ती उठून बाईंच्या शेजारी येऊन बसली. बसच्या तिकिटामागे तिने पेन्सिलने नऊ, चार, सहा, दोन असं काहीतरी मांडलं होतं.

"मॅडम, ही वजाबाकी धरणार हे आज ठरलं की आधीच ठरलं होतं?"

आता इथे बाईंना सुटायची वाट होती. आजच कळलं, म्हटलं असतं तर पोरीने डोळे झाकून विश्वास ठेवला असता. सगळ्यांनी ठेवला असता.

"आधीच ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "पत्रकात होतं."

"तुम्ही वाचलं होतं?"

"तीनदा."

"आणि टोपी काढताना लक्षात होतं?"

"होतं. मला वाटलं, गट आपण जिंकू. आणि ती पोर रडायला आली होती."

 भिंतच्या गुडघ्यावर मातीचा पट्टा वाळला होता, तो ती नखाने खरवडत होती.

"मी तिसऱ्या बेसवर होते," ती म्हणाली. "मला वाटलं, नेहमीचंच आवरतं आहे. फुकटचं. म्हणून मी मजेत थांबले, नाडी बांधत बसले. ती धाव कसली होती हे मला माहीतच नव्हतं."

"अगं, पण तूसुद्धा..."

"थांबले असते, कदाचित. ती फारच लहान होती. पण मॅडम, तुम्ही सांगितलं असतंत तर मी ठरवलं असतं. धावले असते की थांबले असते, ते आता मला कधीच कळणार नाही."

ती रागावून बोलत नव्हती, हेच वाईट होतं. सव्वीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी भिंगं घासली, आणि तासभरही वाचायला न लागणारं पत्रक मुलींच्या हातात द्यायचं त्यांना सुचलं नाही. दया त्यांनी दाखवली, आणि किंमत मोजली या पोरीने, तिला न विचारता.  शिकवणाऱ्या माणसाला तोंडातून काढायला सगळ्यात जड जाणारे दोन शब्द त्यांनी काढले.

"चुकलं माझं."

असू दे मॅडम, असं ती म्हणेल, याची बाई वाट बघत राहिल्या. मुली म्हणतात तसं. मोठ्यांनी चूक कबूल केली की मुलींना ते म्हणावंच लागतं.

"हो," भिंत म्हणाली. "चुकलं."

आणि ती तिथेच, बाईंच्या शेजारी बसून राहिली. बस गावात शिरेपर्यंत उठली नाही.